देवळ्यातला ळ

सॉर्टेड(शब्द, की=लॅम्डा श: [क्रम.इंडेक्स(अ) फॉर अ इन श])

एवढीच ओळ. मूळ पायथन या संगणकाच्या भाषेत, म्हणजे निम्मी इंग्रजी लिपीत. इथे मी ती उच्चारानं उतरवली आहे. अकरावीतल्या माझ्या भाचीनं ती देवळ्याच्या घरी, ओट्यावर मांडी घालून लिहिली. आखाजीला बहिणीला माहेरी न्यायला मी मुऱ्हाळी म्हणून गेलो होतो. बहिणीची आवराआवर संपेना, म्हणून भाचीच्या शेजारी बसलो. कवितांची आणि बंदिशींची रसग्रहणं लिहिण्यात माझी उमर गेली. चांगली ओळ दिसली की पुढे जाववत नाही, हा जुना रोग. "मामा, चालली ना ओळ, आता काय बघताय तिच्याकडे?" असं तिनं दोनदा विचारलं.

ओळीच्या आधी एक फजिती झाली होती. क्लासमध्ये अभ्यास दिला होता: दहाएक शब्द घ्या आणि क्रमानं लावा. पुस्तकातले शब्द ॲपल-बनानाच्या जातीचे. हिनं गावावरून 'दे'नं सुरू होणारे सात घेतले आणि नुसतं 'सॉर्टेड' चालवलं. पडद्यावर आलं: देऊळ, देव, देवघर, देवळा, देवस्थान, देवालय, देव्हारा. मी शाब्बास म्हणणार तेवढ्यात डोळ्यात काहीतरी खुपलं. देवळा आधी आणि देवस्थान नंतर? आपण तर श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ असं घोकत मोठे झालो. स आधी, ळ नंतर. म्हणजे देवस्थान आधी हवं. सातांपैकी नेमकं तिच्या गावाचंच नाव चुकीच्या जागी बसलं होतं.

यंत्राला अक्षरं दिसत नाहीत, आकडे दिसतात. युनिकोड नावाच्या जागतिक कोष्टकात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला आहे. देवळा म्हणजे २३४२, २३७५, २३५७, २३५५, २३६६. आपल्याला अक्षरं तीन दिसतात, पण यंत्र पाच मोजतं, कारण मात्रा आणि काना त्याच्या हिशेबात स्वतंत्र आहेत. या कोष्टकात ल २३५४ वर, ळ त्याला लागून २३५५ वर, व २३५७ वर आणि स पार २३६० वर. मधला २३५६ तमिळसारख्या भाषांतला एक ध्वनी लिहिण्यासाठीच्या ऴ ला दिलेला. ळ ला ल च्या शेजारी कोणी बसवलं? युनिकोडनं देवनागरीची मांडणी भारतातल्याच 'इस्की' या संकेतप्रणालीवरून घेतली आणि इस्कीला साऱ्या भारतीय लिप्या एकाच साच्यात बसवायच्या होत्या. एका लिपीतला मजकूर दुसरीत सहज उतरावा, म्हणून सजातीय अक्षरं शेजारीशेजारी. सोय उत्तम होती. फक्त आपला कोश उघडून पाहिलेला नव्हता.

पण आपल्या बाजूनं तरी ळ ची जागा कुठे पिढीजात आहे? ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ळ आहे, पण पुढच्या अभिजात संस्कृतानं त्याला वर्णमालेत घेतलं नाही. कंठापासून ओठापर्यंत पाच वर्ग, मग अंतःस्थ, मग ऊष्मे, शेवटी ह, अशी ती घडी पूर्ण होऊन बसली. मराठीला तर ळ वाचून चालेना. फळ, केळ, मूळ, काळ, वेळ, बाळ यांतलं काय सोडणार? मग भरलेल्या पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्याला शेवटचं पान मांडतात, तसं त्याला ह च्या पलीकडे पान मांडलं. त्या शेवटच्या पानाची आपल्याला इतकी सवय झाली की तीच जागा नैसर्गिक वाटते.

एवढं झाल्यावर भाचीनं एक लांबलचक शब्द लिहिला आणि त्याला 'क्रम' असं नाव दिलं. त्यात अनुस्वार-विसर्गापासून सुरुवात, मग स्वर, मग क पासून ह पर्यंत व्यंजनं, ह नंतर ळ, मग काना-मात्रा-वेलांट्या, सगळ्यांत शेवटी हलन्ताचा पाय. पायथनमध्ये नावं देवनागरीत ठेवता येतात, २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून. मला हे माहीत नव्हतं आणि ऐकून उगाच बरं वाटलं. त्यानंतर ती वरची ओळ. या वेळी देवस्थान आधी आलं, देवळा नंतर. बाकीचे पाच शब्द जागचे हलले नाहीत.

आता ओळ सावकाश वाचू.

पहिला शब्द 'सॉर्टेड'. आज्ञार्थी 'सॉर्ट' नाही. पायथनमध्ये दोन्ही आहेत आणि त्यांच्यातला फरक शुद्ध व्याकरणाचा आहे. 'सॉर्ट' म्हणजे लाव. ज्या यादीला सांगाल ती स्वतःच उलटीपालटी होते आणि हातात काहीच परत देत नाही. नवशिके हटकून 'यादी बरोबर यादी डॉट सॉर्ट' असं लिहितात आणि आपली यादी घालवून बसतात. हातात 'नन' येतं, म्हणजे काही नाही. 'सॉर्टेड' म्हणजे लावलेलं, धातुसाधित विशेषण. मूळ यादी जशीच्या तशी राहते आणि तिची लावलेली प्रत वेगळी मिळते. क्रियापदाच्या एका प्रत्ययात 'मूळ वस्तूला हात लावू नकोस' हा एवढा विवेक बसवणाऱ्याचे कान भाषेला तयार असले पाहिजेत.

मग 'की'. शब्दशः किल्ली, पण इथे तिचं काम बिल्ल्याचं आहे. यादीतल्या प्रत्येक शब्दाच्या गळ्यात एक बिल्ला अडकवायचा, बिल्ल्यांप्रमाणे रांग लावायची आणि शेवटी बिल्ले काढून घ्यायचे. शब्द बदलत नाही, त्याचं मोल तेवढं क्षणभर बिल्ल्यावर लिहिलेलं असतं. ही सोय पायथनमध्ये २००४ साली आली. त्याआधी आपला नियम लावायचा तर तुलना शिकवावी लागे: दोन शब्द दोन हातांत धरायचे आणि यंत्रानं विचारायचं, यातला आधी कोण? नियम जरा वाकडा असला की त्या तुलनेत जर-तरची जाळी माजायची.

बिल्ल्याची युक्ती मोठी का, हे मला संगणकापेक्षा बहिणीच्या कांद्याच्या चाळीनं जास्त समजावलं. देवळा तालुका उन्हाळ कांद्याचा. ओट्यासमोरच प्रतवारी चालली होती. निवडणाऱ्या बायका दोन कांदे दोन हातांत घेऊन कुठला मोठा, असं बघत बसत नाहीत. एक कांदा उचलतात, अंगठा फिरवतात आणि तो गोल्टीच्या ढिगात, नाहीतर मोठ्या मालात, नाहीतर खादीत जातो. प्रत्येक कांद्याकडे एकदाच बघायचं आणि त्याची प्रत ठरवून टाकायची. पायथनही प्रत्येक शब्दाचा बिल्ला एकदाच लिहितो. पुढे कितीही तुलना होवोत, पुन्हा शब्दाकडे जात नाही. आणि प्रतवारीचा क्रम अक्षरांवर कुठे चालतो? अकारविल्हे लावली तर खाद सगळ्यांत वर, गोल्टी तिच्याखाली आणि सुपर तळाला. बाजार समितीच्या ओट्यावर अशी यादी कोणी वाचून दाखवली तर लोक त्याच्याकडे बघत राहतील. तिथे बिल्ला वेगळा हवा: सुपरला शून्य, मध्यमला एक, गोल्टीला दोन, खादीला तीन. ओळ तीच, बिल्ला बदलला की झालं.

अकारविल्हे हा शब्द मला फार आवडतो. विल्हे म्हणजे लावणी, व्यवस्था. त्याच घराण्यातला विल्हेवाट हा शब्द मात्र बदनाम झाला. हल्ली छापील मजकुरातही आकारविल्हे दिसतं, जणू उंचीप्रमाणे उभं करायचं आहे. (तसं लावायचं तर तोही एक बिल्लाच: लांबी मोजायची. भाचीच्या पुस्तकातला पहिला धडा तोच होता.)

'लॅम्डा' हे ग्रीक अक्षर १९३० च्या दशकात अलोन्झो चर्च या तर्कशास्त्रज्ञानं बिननावाच्या क्रियेसाठी योजलं, ते तसंच राहिलं. एकदाच वापरून टाकायचा नियम; त्याचं बारसं कशाला? लगेच पुढे 'श'. तो कुठलाही शब्द. कंसात 'अ'. तो त्या शब्दातलं कुठलंही अक्षर. इथे मी खरा थांबलो. आपल्या सबंध लिपीत सर्वांत पहिलं, जागा सोडायला सर्वांत नाखूष असं अक्षर म्हणजे अ. या ओळीत तेच पद उतरवून आळीपाळीनं द होतं, मग मात्रा, मग व, मग ळ, मग काना. क्रम ठरवणाऱ्या ओळीत क्रमाचा राजाच सगळ्यांची हमाली करतो. भाचीला म्हटलं तर ती म्हणाली, "अक्षर म्हणून अ लिहिलंय हो मामा." कवींनाही मी असंच छळत आलो आहे.

'क्रम.इंडेक्स(अ)' म्हणजे माझ्या वर्णमालेत हे अक्षर कितव्या जागी आहे ते बघ. युनिकोडनं दिलेला आकडा दारातच काढून ठेवायचा आणि घरचा आकडा गळ्यात घालायचा. चौकोनी कंसामुळे बिल्ल्यावर एक आकडा येत नाही, आकड्यांची माळ येते. माळांची तुलना पायथन मणी-मणी करतो: पहिला सारखा तर दुसरा, दुसरा सारखा तर तिसरा. एक माळ मध्येच संपली तर ती आधी. म्हणून 'देव' हा 'देवघर'च्या आधी बसतो, तसं वेगळं सांगावं लागत नाही. कोशकारांचा 'रिकामं आधी' हा नियम इथे फुकट मिळाला.

ओळीत काय नाही, तेही बघण्यासारखं आहे. रांग कशी लावायची, कोणाला कोणाशी किती वेळा ताडून बघायचं, याचा एक अक्षरानं उल्लेख नाही. ते काम टिम पीटर्स यानं २००२ साली पायथनसाठी लिहिलेल्या पद्धतीकडे आहे. तिला त्याच्याच नावावरून टिमसॉर्ट म्हणतात. यादीत आधीच क्रमानं लागलेले तुकडे ती हुडकते आणि ते न मोडता एकमेकांत मिसळते. शिवाय ती स्थिर आहे, म्हणजे बिल्ला सारखा निघाला तर जो आधी आला तो आधीच राहतो. बाजार समितीच्या दारात पहाटेपासून ट्रॅक्टर आणि पिकअप नंबरात उभे असतात. ट्रॅक्टर एका बाजूला आणि पिकअप दुसऱ्या बाजूला घ्यायचे ठरले, तरी ट्रॅक्टरांमधला नंबर मोडला तर भांडण होईल. टिमसॉर्ट तो मोडत नाही.

या स्थिरपणाचा उपयोग शाळेच्या हजेरीत बघावा. देवळ्याच्या कुठल्याही वर्गात हजेरी आहेरांपासून सुरू होते आणि बराच वेळ आहेरांतच राहते. आधी नावावर लावा, मग आडनावावर. एकाच आडनावातली नावं आपोआप क्रमानं राहतात. पुढे शेवाळे आणि शेळके येतात. युनिकोडच्या हिशेबानं शेळके आधी, वर्णमालेच्या हिशेबानं शेवाळे आधी. पूर्वी हे गुरुजींच्या हातात होतं आणि ळ ला ल जवळ बसवणारे गुरुजीही मी पाहिले आहेत. त्यांना युनिकोड कळला नव्हता, त्यांच्या कानाला तसं वाटत होतं.

बिल्ल्याची कल्पना जुनी आहे. अमरकोशातला नानार्थवर्ग शब्दांच्या शेवटच्या व्यंजनावर लावलेला आहे: क नं संपणारे, मग ख नं संपणारे, असे. पद्य रचणाऱ्याला शब्द शेवटाकडून हवा असतो, म्हणून बिल्ला शेपटाला बांधला. पायथनमध्ये ते उणे एक असं लिहितात. पाणिनीनं तर १४ सूत्रांत अक्षरांचा निराळाच क्रम लावला आणि ह दोनदा घेतला. भाचीच्या 'इंडेक्स'ला पाणिनीचा क्रम दिला तर पहिलाच ह सापडेल आणि दुसरा कायमचा अंधारात राहील.

ओळीत दोष आहेत. प्रत्येक अक्षरासाठी 'इंडेक्स' 'क्रम'च्या पहिल्या अक्षरापासून शोधत निघतो, म्हणजे ळ साठी दरवेळी अख्खी वर्णमाला चालून जायची. दहा शब्दांना काही बिघडत नाही. दुसरा दोष जास्त गमतीचा. शब्द कमी पडतात म्हणून मी माझ्या फोनवरून तिला एक पाठवला: मुऱ्हाळी. ओळ कोसळली. व्हॅल्यूएरर, म्हणजे अक्षर क्रमात सापडलं नाही. तिनं ऱ घातला, पुन्हा तेच. मग तिनं शब्दाचे आकडे छापले आणि त्यांत ८२०५ असा एक परका आकडा निघाला. ते एक शून्य रुंदीचं, डोळ्याला न दिसणारं जोडचिन्ह होतं. ऱ्ह दोन रीतींनी टंकता येतो. माझ्या फोननं साधा र, हलन्त आणि हे अदृश्य चिन्ह घातलं होतं. दिसायला दोन्ही सारखे. "मामा, तुमच्यात काहीतरी लपलेलं आहे," ती म्हणाली. मुऱ्हाळ्याची एवढी झडती कुठल्या सासरी झाली नसेल.

ॲ चंही तसंच. राज्य शासनानं नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत स्वरांच्या रांगेत जागा दिली. युनिकोडमध्ये ॲ त्याआधी दीडेक वर्षच आला, तोवर पुढची घरं भरलेली, म्हणून त्याला पार २४१८ वर जागा मिळाली. नुसत्या 'सॉर्टेड'नं अडत, हमाल, हळद, ॲप असा क्रम लागतो. म्हणजे ॲपनं अडत मोडीत निघणार म्हणतात, तेच ॲप यादीत हळदीच्याही मागे.

क्ष वर आमचं अडलं. यंत्राला तो क, हलन्त, ष असा तीन तुकड्यांत दिसतो, म्हणून क्षमा क च्या पोटात जाते. शाळेच्या तक्त्यात तो ळ च्या मागे. कोशांत एकमत नाही. अनुस्वाराबद्दलही नाही, कोणी तो आधी घेतं, कोणी पुढच्या वर्गातलं अनुनासिक समजून नंतर. बीजगणितात आपण अज्ञाताला क्ष म्हणतो, क्ष-किरण म्हणतो. त्या अज्ञाताची जागाही अज्ञातच. "मग बरोबर कुठलं?" भाचीनं विचारलं. मी म्हटलं, तू ठरव, पण क्रमात लिहून ठेव. हे उत्तर तिला पटलं नाही. गणित शिकणाऱ्या मुलीला दोन उत्तरं बरोबर असलेली चालत नाहीत. मला तर या ओळीचा रस तिथेच वाटतो. मत काय ते 'क्रम' या एका नावात उघड मांडलेलं आहे, बाकीची ओळ त्याचं निमूट पालन करते. पटलं नाही तर 'क्रम' बदला, ओळीला हात लावावा लागत नाही. बंदिश तीच, विस्तार गाणाऱ्याचा.

एवढ्यात तिची आजी ओट्यावर येऊन टेकली. चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हाई काय शे?" नातीनं सांगितलं, शब्द ओळीत लावतेय. आजी म्हणाली, मग माझेही लाव. या बाजूच्या अहिराणीत ळ चा य होतो. आजीची शाळा म्हणजे शाया, डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. ज्या ळ साठी आम्ही दुपार घालवली, तो तिच्या तोंडी नाहीच. क्ष ही नाही. अक्षय्यतृतीयेची तिनं आखाजी केलेली.

भाचीनं चार शब्द लिहिले: शाया, आखाजी, डोया, काया. ओळ चालवली. आखाजी, काया, डोया, शाया. मग तिला काय वाटलं कोण जाणे, 'की'पासूनचा सगळा भाग खोडला आणि नुसतं 'सॉर्टेड' चालवून पाहिलं. आखाजी, काया, डोया, शाया. आतून बहिणीनं हाक मारली, पिशव्या भरून झाल्या होत्या.